प्यो बोंगसिमचा शिक्का

आमच्या मुनगोक गावी येऊन प्यो बोंगसिम कुठे राहते असं विचारलंत, तर लोक तुम्हालाच वाट चुकलेले समजतील. आमच्याकडे बाई लग्न होऊन आली की तिचं नाव निवृत्त होतं आणि माहेरचं गाव तिला चिकटतं. ही दाम्यांगची, म्हणून दाम्यांगकरीण. पन्नास वर्षं झाली, तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली कुणाच्या ऐकिवात नाही. तेव्हा दाम्यांगकरीण म्हणा. मग लोक टेकडीखालच्या खाचराकडे बोट दाखवतील. घराकडे नाही, खाचराकडे, कारण घरी ती फक्त झोपायला जाते.

वय एकाहत्तर. गुडघे कामातून गेलेले, म्हणून नातीची जुनी बाबागाडी ढकलत चालते. गाडीत बाळाच्या जागी खुरपं, थर्मास आणि लोणच्यासारख्या किमचीचा डबा. जीभ फटकळ. आता गावात भातलावणी यंत्राने होते, पण यंत्र वळतं तिथे कोपऱ्यात चार हात जागा सुटते. बाकीचे ती सोडून देतात. ही गुडघ्यांना पट्टे आवळून चिखलात उतरते आणि कोपरा हाताने लावते. "चार मूठ भातासाठी कशाला गं जीव काढतेस?" असं कुणी विचारलं की म्हणते, "तुझ्या वाडग्यातला भात कोपरा सोडून वाढू का?"

हे एकरभर खाचर तिचं नव्हे. ते नामगुंग घराण्याचं. एकतीस वर्षांपूर्वी थोरल्या नामगुंगने मक्गलीचा, तांदळाच्या दारूचा, वाडगा पुढे करून तिच्या नवऱ्याला म्हटलं होतं, "घे कसायला. पीक आलं की सहा पोती तांदूळ दे." झाला करार. कागद नाही, साक्षीदार नाही, वाडगा तेवढा रिकामा झाला. तेव्हा त्या जमिनीत भातापेक्षा दगड जास्त होते. ते दगड नवराबायकोने पाठीवरून वाहून बांधाला लावले. पुढे थोरला नामगुंग गेला, मग तिचा नवराही गेला, आणि जमीन थोरल्याच्या मुलाकडे आली. हा मुलगा जुनग्यू, राजधानीत, सोलला, डोळ्यांचा डॉक्टर. वर्षातून एकदा वडिलांच्या थडग्यावरचं गवत काढायला येतो आणि तेही माणूस लावून काढून घेतो. सहा पोती तांदूळ मात्र दर हिवाळ्यात न चुकता त्याच्या पत्त्यावर जातात.

त्या मार्चमध्ये दाम्यांगकरीण शेतकी सोसायटीत खताच्या पिशव्या घ्यायला गेली. दरवर्षी सरपंच सगळ्या गावाचं खत एकदम आणायचा. त्या वर्षी त्याची कंबर धरली, म्हणून ज्याने त्याने आपापलं आणायचं ठरलं. खिडकीतल्या मुलीने संगणकात पाहिलं, परत पाहिलं.

"आजी, तुम्हाला सवलतीचा दर नाही मिळायचा."

"का? गावाला मिळतो, मला का नाही?"

"सवलत शेतकऱ्यांना आहे. तुमच्या नावावर फक्त भाजीचा वाफा दिसतोय. एवढ्यावर शेतकरी म्हणून नोंद होत नाही."

दाम्यांगकरणीने आपले दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले. नखांत गेली पन्नास वर्षं न निघालेली माती होती. "मग हे कुणाचे हात आहेत? टपालमास्तरणीचे?"

मुलगी ओशाळली. म्हणाली, "मी नाही म्हणत आजी, यंत्र म्हणतं. तुम्ही भात-अनुदानाचा अर्ज का नाही करत? जो जमीन कसतो त्याला सरकार ते देतं. त्यात नाव लागलं की शेतकरी म्हणून आपोआप नोंद होते."

अनुदान सरकार देतं हे तिला ठाऊक होतं. पाच वर्षांपूर्वी सरपंचाने ध्वनिक्षेपकावरून सगळ्या गावाला सांगितलं होतं. पण ते जमिनीच्या मालकाला मिळत असणार, असं ती धरून चालली होती. गावानेही तेच धरलं होतं. कसणाऱ्याला मिळतं हे सोलमधल्या मालकांना बरोबर समजलं होतं, कसणाऱ्यांना तेवढं समजलं नव्हतं. याला भोळेपणा म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला तरी अजून राग येतो.

ती तशीच बाबागाडी ढकलत सरकारी कचेरीत गेली. तिथे अनुदानाच्या टेबलावर बान सोही नावाची मुलगी बसायची. नोकरीला लागून दोन वर्षं झालेली, चष्मा नाकावरून घसरणारी. तिने खाचराचा नंबर शोधला.

"या जमिनीचा अर्ज आलेला आहे आजी. नामगुंग जुनग्यू. स्वतः कसतो असं लिहिलंय. पाच वर्षं अनुदान त्यांच्याच खात्यात जातंय."

"तो? त्याला रोप कुठलं आणि लव्हाळा कुठला ते सांगता यायचं नाही! आणि सोलहून कसतो कसा, दुर्बीण लावून?"

"सोबत दाखला आहे ना. हा माणूस खरंच शेती करतो, असं एका शेजारच्या शेतवाल्याने आणि सरपंचाने लिहून द्यावं लागतं. दोघांचे शिक्के आहेत." सोहीने कागद तिच्याकडे फिरवला. "शेजारी... प्यो बोंगसिम. ओळखता तुम्ही यांना?"

दाम्यांगकरीण बराच वेळ त्या लाल शिक्क्याकडे बघत राहिली. सहीच्या जागी मारायचा तो नावाचा शिक्का ओळखीचा होता. नवऱ्याने बाजारातून दगडाचा करून आणला होता, एका बाजूला जरा टवका उडालेला. तो टवकासुद्धा कागदावर स्वच्छ उमटला होता. पाच वर्षांचे पाच कागद, पाचांवर तोच शिक्का. जे खाचर ती एकतीस वर्षं कसत होती, ते सोलचा डॉक्टर कसतो, अशी साक्ष तिनेच दिली होती.

"ओळखते," ती म्हणाली. "नीट ओळखते."

हा शिक्का तिथे कसा पोचला याचं कोडं तिला पडलं नाही. आमच्या गावात सगळ्यांचे शिक्के सरपंचाच्या घरी असतात. बियाण्याचा कागद, पाटाच्या दुरुस्तीचा कागद, कधी काय येईल सांगता येत नाही, आणि दर वेळी त्रेचाळीस घरं फिरायची तर सरपंचाने आपली शेती कधी करायची? म्हणून प्रत्येकाने आपला शिक्का त्याच्याकडे ठेवून दिलेला. तो लागेल तिथे मारतो. याला कुणी गैर मानत नाही. उलट शिक्का घरी ठेवणाऱ्याकडेच लोक संशयाने बघतील.

सरपंच मा गिल्सू, नात्याने तिचा चुलत दीर. कंबरेला गरम पट्टा बांधून पडला होता. ती दारातूनच म्हणाली, "गिल्सू, माझा शिक्का दे."

"कुठला कागद आहे वहिनी? आणा, मी मारून देतो."

"कागद नाही. शिक्का दे. घरी नेते."

गिल्सू उठून बसला. पंधरा वर्षांच्या सरपंचकीत शिक्का परत मागायला कुणी आलं नव्हतं. त्याला सगळं एकदम कळलं असावं, कारण त्याने नजर खाली केली.

"वहिनी, डॉक्टरने अर्ज पाठवला होता. शेजारच्या शेतवाल्याचा शिक्का हवा होता. बांधाला बांध तुमचाच, भाजीचा वाफा. मी आपला हाताला आला तो मारला. मला काय माहीत एवढं..."

"पाच वर्षं हाताला आला?"

"मालक आहे तो! नाही म्हटलं आणि त्याने तुमच्याकडून खाचर काढून घेतलं असतं, तर? अनुदान ते केवढं, वर्षाला तीन लाख वॉनसुद्धा नाही. डॉक्टरला तरी त्या पैशाचं काय पडलंय? आठ वर्षं स्वतः कसली असं कागदावर दिसलं की जमीन विकताना कर माफ होतो. नवा रस्ता येतोय ना टेकडीपलीकडून. पाच झाली, तीन राहिली."

"म्हणजे तीन वर्षांनी तो विकणार."

गिल्सूने उशाच्या डब्यातून तिचा शिक्का काढून तिच्यापुढे ठेवला. दाम्यांगकरणीला रडू आलं नाही, राग आला. सगळ्यात वाईट म्हणजे, ज्याच्यावर रागवायचं तो माणूस वाईट नव्हता. तिचा नवरा शेवटचा आजारी पडला तेव्हा कमरेएवढ्या बर्फातून त्याला पाठीवर घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत नेणारा हाच गिल्सू होता. ती शिक्का मुठीत धरून घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिने कचेरीत हरकतीचा अर्ज टाकला. सोहीने बजावलं की चौकशी मेअखेर होईल आणि त्या दिवशी एक शेजारी आणि सरपंच अशा दोघांचे शिक्के लागतील. गावात बातमी पसरायला एक दुपार पुरली. डॉक्टरचा फोन चौथ्या दिवशी आला.

"काकू, कशा आहात? गुडघे काय म्हणतात?" आवाजात साखर घोळलेली. "अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी कचेरीत कशाला जायचं? मला सांगायचं. ते अनुदान मी दरवर्षी पाकिटात घालून तुम्हाला पाठवतो. वर थोडे आणखी टाकीन. कागद तेवढा आहे तसा राहू दे."

"पाकीट नको."

"मग काय हवंय?"

"नाव. खाचर मी कसते, तसं लिहायचं."

"नावात काय आहे काकू, पैसे मिळाल्याशी मतलब!"

"जुनग्यू, नावात काही नाही तर तुझं काढ."

मग साखर संपली. "यंदा बियाणं भिजवू नका. खाचर मी दुसऱ्याला देणार आहे."

तिने फोन ठेवला, कोठारात गेली आणि बियाणं भिजत घातलं.

एप्रिलभर ती साक्षीदार शोधत होती. हात जोडले नाहीत, पाया पडली नाही. दारात उभी राहायची आणि विचारायची, "मी ते खाचर कसते हे तू पाहिलंयस ना? मग तसा शिक्का देशील?" प्रत्येकाने पाहिलं होतं. शिक्का कुणीच देईना. एकाला कंपोस्टचं काम होतं, एकाचा मुलगा सोलहून यायचा होता, एकाला अचानक ऐकू येईनासं झालं. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. गावातली निम्मी जमीन अशीच बाहेरच्या मालकांची. एकाने तोंड उघडलं की सगळ्यांच्या खाचरांचं काय होणार, हे ज्याला त्याला दिसत होतं.

सगळ्यात जिव्हारी लागला तो सुनचांगकरणीचा नकार. ती शेजारीण. दोघींनी चाळीस हिवाळे एका पिंपात किमची घातलेली.

"अगं, मी कुणाच्या जमिनीवर उभी आहे?" सुनचांगकरीण कुजबुजली. "पुतण्याच्या! तो सोलला. उद्या त्याने मला हाकललं तर तू मला पोसणार आहेस का?"

"नाही पोसणार. मीच उपाशी असेन."

"मग? सोड ना हा हट्ट! एकाहत्तराव्या वर्षी तुला कशाला हवंय शेतकरी व्हायला?"

"व्हायला नाही गं. झालेलीच आहे. कागदाला ते दिसत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप."

सुनचांगकरीण म्हणाली, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही, आणि आत जाऊन कवाड लावून घेतलं. बरेच दिवस दोघी बोलल्या नाहीत.

दाम्यांगकरीण मात्र रोज पहाटे रोपांच्या तबकड्यांना पाणी घालत होती. रोपं वीतभर झाली. एकरभर खाचराला पुरतील एवढ्या तबकड्या घराच्या अंगणात मांडलेल्या, आणि लावायला खाचर आहे की नाही याचा पत्ता नाही. गिल्सू दोनदा येऊन सांगून गेला, वहिनी, निदान थोडी रोपं तरी कुणाला विकून टाका. तिने त्याला मक्याचा चहा दिला आणि तबकड्या उचलून सावलीत ठेवायला लावल्या. कंबर धरलेली असूनही त्याने मुकाट्याने उचलल्या.

चौकशीच्या दिवशी ती बसथांब्यावर आली, तर सुनचांगकरीण आधीच बाकावर बसलेली. चापूनचोपून केस बांधलेले, अंगात लग्नाकार्याचा कोट.

"कुठे निघालीस?"

"तू निघालीस तिकडेच." सुनचांगकरणीने मूठ उघडली. तिचा शिक्का होता. "काल गिल्सूकडून मागून आणला. मागताना इकडेतिकडे बघत होते, जशी काय चोरी करतेय. रात्रभर विचार करत होते. मरताना पुतण्या काही माझ्या उशाशी बसायचा नाही, बसलीस तर तूच बसशील. आता फार बोलू नकोस, नाहीतर परत घरी जाईन."

दाम्यांगकरणीने गाडीतला थर्मास काढून तिच्यापुढे धरला.

कचेरीत डॉक्टर नामगुंग आधीच आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात खताच्या पावत्यांची फाईल. गिल्सूलाही बोलावणं होतं. तो भिंतीला टेकून उभा, कपाळावर घाम. बान सोहीने पाचही दाखले टेबलावर मांडले.

"प्यो बोंगसिम आजी, हे शिक्के तुमचे?"

"माझे."

"तुम्हीच मारले?" सोही थांबली आणि चष्मा वर सरकवत हळू म्हणाली, "नीट विचार करून सांगा आजी. शिक्का दुसऱ्या कुणी तुम्हाला न विचारता मारला असेल, तर ते वेगळं प्रकरण. मग तुमच्यावर काही येत नाही, पण मारणाऱ्यावर फौजदारी होते. आणि तुम्हीच मारला असेल, तर तुम्ही पाच वर्षं खोटी साक्ष दिली असं होतं. खोटी साक्ष देणाऱ्याला तीन वर्षं अनुदान बंद."

डॉक्टर फाईल चाळायची सोडून तिच्याकडे बघू लागला. गिल्सूने तोंड उघडलं. "बाई, तो शिक्का..."

"तू गप्प बस!" दाम्यांगकरीण त्याच्यावर एवढ्या मोठ्याने खेकसली की पलीकडच्या टेबलावरचा माणूस उठून उभा राहिला. मग ती सोहीकडे वळली. "शिक्का माझा आहे. त्याच्यावर माझंच नाव आहे ना? माझ्या नावाने खोटं बोललं गेलं, तर ते मीच बोलले. लिही. पाच वर्षं खोटं बोलले. हा माणूस त्या खाचरात एक दिवस उतरलेला नाही. एकतीस वर्षं मी कसते."

"आणि ते मी बघत आलेय," सुनचांगकरीण म्हणाली आणि कुणी सांगायच्या आत आपला शिक्का काढून त्यावर फुंकर मारू लागली.

आता सरपंचाचा शिक्का राहिला. गिल्सू टेबलाशी आला. हात आधीच लाल शाईने माखले असल्यासारखे तो पँटला पुसत होता. "मागच्या पाच दाखल्यांवर सरपंचाचा शिक्का होता, तोही खोटाच," तो म्हणाला. "तो मात्र माझा. सरपंचकी काढून घ्या. पण आधी हा खरा मारून घेतो." आणि त्याने मारला, इतक्या जोरात की टेबलावरची पेनं खाली पडली.

डॉक्टरने फाईल मिटली. "ठीक आहे काकू. नाव लावा. खाचर मी परत घेतो."

"घे ना. परवा पाणी सोडायचंय, तेरवा चिखलणी. बूट काढून ये. तुझा बाप यायचा."

"नामगुंगसाहेब," सोही कागदावरून नजर न उचलता म्हणाली, "परत घेतलीत तर जमीन तुम्हाला स्वतः कसावी लागेल, आणि आता आम्हाला ती दर महिन्याला येऊन बघावी लागेल. नाही कसली तर विकायचा हुकूम निघतो. कराची माफी तर आता नाहीच. त्यापेक्षा आजींशी पाच वर्षांचा लेखी करार करा. छापील नमुना इथेच आहे."

डॉक्टरने घड्याळ बघितलं, खिडकीबाहेर बघितलं, मग बऱ्याच वेळाने नमुना पुढे ओढला. काय करणार? परवाचं पाणी सोडायला तो थोडाच येणार होता. सही करताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

तो गेल्यावर सोहीने नवा अर्ज भरायला घेतला. एका रकान्याशी तिचा हात थांबला. बिचारीच्या तोंडावर पराभव झाल्यासारखं दिसत होतं.

"आजी, डॉक्टरने पाकीट देऊ केलं होतं ना तुम्हाला? ते घेतलं असतंत तर पैसे तरी मिळाले असते. आता तुमचं नाव लागेल, पण तीन वर्षं एक वॉनसुद्धा येणार नाही. मग चौथ्या वर्षी परत अर्ज करावा लागेल. तेव्हा तुम्ही..."

"चौऱ्याहत्तरची." दाम्यांगकरणीने टवका उडालेला शिक्का शाईत दाबला, 'कसणारी व्यक्ती' असं लिहिलं होतं त्याच्या पुढे नेमका धरला आणि दोन्ही हातांनी भार देऊन मारला. मग तो वर उचलून नीट उमटलाय ना ते बघितलं.

"म्हणजे तोवर मला मरता यायचं नाही," ती म्हणाली. "चल गं सुनचांगकरीण, उन्हं वर आली. रोपं तहानली असतील."